पोलीस ठाण्यातून फोन आला तर

"जरा येऊन जा, दोन मिनिटांचं काम आहे," असं सांगितलं की लगेच चपला घालू नका. नाव, हुद्दा विचारा, लेखी नोटीस मागा. आरोपी म्हणून बोलावत असतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (पोलीस तपास आणि अटकेचा कायदा) कलम 35, साक्षीदार म्हणून असेल तर 179. कलम 35 ची नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर चालत नाही, सुप्रीम कोर्टाने 2025 मध्ये बजावलंय. साक्षीदार बाई असेल किंवा साठी उलटलेले आजोबा, तर ठाण्यात यायची सक्ती नाही. साहेबांनी घरी यावं. माझ्या अशिलांना हे ठाऊक नसतं, आणि हवालदार कशाला सांगतील! कलम 35 ची नोटीस हाती पडली की मात्र हजर राहाच, नाहीतर अटकेला आयतं निमित्त. तपासातल्या जबाबावर सही करू नका, कलम 181 प्रमाणे ती घ्यायचीच नसते. कोऱ्या कागदावर तर मुळीच नाही.