लहानपणी रेटिनोब्लास्टोमामुळे, म्हणजे डोळ्याच्या पडद्याच्या कर्करोगामुळे, डोळा काढलाय? मोठेपणी काय काय सांभाळायचं

"डोळा खरा वाटेल ना?" सगळ्यांचा पहिला प्रश्न हाच, आणि पैसेही आधी तिथेच जातात. आमच्या मते पहिला खर्च उरलेल्या डोळ्यावर व्हायला हवा. नंबर असो वा नसो, सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत चष्मा. काचा पॉलिकार्बोनेटच्याच. दुकानात 'फायबर' म्हणून जे साधं प्लास्टिक देतात ते मार लागला की फुटतं. बिननंबरी काच मुळात पातळ घासलेली असते, म्हणून ऑर्डर देतानाच "पॉलिकार्बोनेट, मध्यभागी किमान २ मिलिमीटर" असं पावतीवर लिहून घ्या. दोरीवर पेललेली अर्धी फ्रेम नको. धक्का बसला की काच निसटते. यंत्रमागावर काम असेल तर एवढ्यावर भागत नाही. उडालेला धोटा बाजूनेही लागतो, तिथे कडा झाकणारा सेफ्टी गॉगलच हवा. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेतलं शोभेचं दारूकाम लांबूनच बघा. संक्रांतीच्या दिवसांत मांजा असतो, त्यामुळे दुचाकीवर पूर्ण चेहऱ्याचं हेल्मेट, काच खाली ओढून.

चष्म्याचा आणखी एक उपयोग फार कमी दुकानदार सांगतात. कृत्रिम डोळा खऱ्यापेक्षा लहान दिसत असेल, तर त्या बाजूला थोड्या प्लस नंबरची काच बसवली की तो मोठा दिसतो. मोठा दिसत असेल तर मायनस. वरची पापणी खोल गेली असेल, तर वरची कड जाड असलेली फ्रेम ती खोली झाकते.

आता कृत्रिम डोळा. लोक अजून 'काचेचा डोळा' म्हणत असले तरी ती ॲक्रिलिकची कवची असते. तिच्या मागे, मांसाच्या आत, सर्जनने बसवलेली गोळी असते, म्हणजे इम्प्लांट. कवची तुम्ही काढू शकता, गोळी नाही. कवची सैल झाली, फिरली किंवा टोचायला लागली तर ऑक्युलरिस्टकडे, म्हणजे कृत्रिम डोळे बनवणाऱ्या तज्ज्ञाकडे, जा. गोळीवरचं आवरण फाटून आतला भाग दिसला तर डोळ्यांच्या सर्जनकडे, आणि तेही लगेच.

काढताना खाली जाड टॉवेल अंथरा. बेसिनवर काढली तर हमखास फुटते किंवा नळीत जाते. हात साबणाने धुवा. वर बघा, बोटाने खालची पापणी खाली ओढा आणि कवचीच्या खालच्या कडेखाली बोट किंवा सक्शन कप लावून ती बाहेर घ्या. बिनवासाच्या साबणाने बोटांनीच चोळा, खरखरीत फडक्याने नाही. बारीक ओरखड्यांत घाण अडकते आणि मग स्राव वाढतो. सोलापुरात बहुतेक घरांत पाणी पिंपात साठवलेलं असतं, म्हणून शेवटी उकळून गार केलेल्या पाण्याने खळखळून धुवा. स्पिरिट, सॅनिटायझर, उकळतं पाणी कधीच नको, ॲक्रिलिकला तडे जातात. घालताना वरची पापणी उचलून वरची कड आत सरकवा, मग खाली बघत खालची पापणी ओढून सोडा.

हे सगळं रोज करू नका. त्रास नसेल तर महिन्यातून एकदा पुरतं. सारखी काढघाल केली की आतलं आवरण चिडतं आणि चिकट पाणी जास्त येतं. पुसताना डोळा मिटून नाकाच्या दिशेने पुसा. बाहेरच्या बाजूला ओढलं तर कवची फिरते. पांढरट तारेसारखा स्राव चालतो. पिवळा-हिरवा, वासाचा किंवा रक्ताळ आला तर डॉक्टर. मे महिन्यातल्या कोरड्या झळांत पापणी कवचीला चिकटते. तेव्हा दाट वंगण देणारे थेंब दिवसातून तीन-चारदा घाला.

वर्षातून एकदा पॉलिश, साधारण पाच वर्षांनी नवी कवची. तयार, पेटीतून निवडलेला डोळा स्वस्त पडतो, पण मागे पोकळी राहते आणि तिथेच स्राव साचतो. माप घेऊन बनवलेलाच घ्या. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत ही सोय आहे आणि सोलापूरहून रेल्वेने थेट जाता येतं. जुनी कवची तडकलेली असली तरी सोबत न्या.

अंतराचा अंदाज तुम्हाला बहुधा येतोच, कारण मेंदू लहानपणापासून एका डोळ्यावरच शिकला आहे. उणीव राहते ती बाजूची. मान खांद्यापर्यंत वळवा, नुसतं बुबुळ फिरवून भागत नाही. उजवा डोळा नसेल तर रस्ता ओलांडताना दोनदा बघा, कारण आपल्याकडे पहिली गाडी उजवीकडूनच येते. पंगतीत अशी जागा धरा की माणसं दिसत्या बाजूला राहतील.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे जुनी फाइल. त्यात शस्त्रक्रियेचा सारांश, गाठीचा तपासणी अहवाल, रेडिएशन दिलं का आणि केमोची औषधं कोणती, हे हवं. कार्बोप्लाटिन दिलं असेल तर कानांची तपासणी करून घ्या. दोन्ही डोळ्यांत गाठ होती, तर आजार आनुवंशिक प्रकारचा धरतात. एकाच डोळ्यात असली तरी सुमारे १५ टक्के जणांत तो आनुवंशिक निघतो, म्हणून रक्ताची आरबी१ जनुक चाचणी करा (याच जनुकातल्या दोषाने हा आजार होतो). आनुवंशिक असेल तर हाडांचे, स्नायूंचे आणि त्वचेचे कर्करोग पुढे होण्याची शक्यता वाढते. दोन-तीन आठवडे न जाणारी हाडदुखी, नवी गाठ किंवा बदलणारा तीळ डॉक्टरांना दाखवा आणि जुना आजार आठवणीने सांगा. अनावश्यक सीटी स्कॅन टाळा. बिडी-सिगारेट पूर्ण बंद.

लग्नाच्या बोलण्यात हे लपवू नका, पण अंदाजानेही बोलू नका. चाचणीचा कागद हाती ठेवा. आनुवंशिक प्रकारात प्रत्येक मुलाला जनुकदोष मिळण्याची शक्यता ५० टक्के. अशा बाळाचे डोळे जन्मानंतर पहिल्या काही दिवसांतच बाहुली मोठी करून तपासायचे. फोटोत बाहुली पांढरी दिसेपर्यंत थांबलात, तर उशीर झालेला असतो.

अपंगत्वाच्या दाखल्यासाठी सिव्हिलला जाण्याआधी एवढं माहीत असू द्या: दुसरा डोळा चांगला असेल तर ३० टक्केच धरतात, आणि बहुतेक सवलतींना ४० लागतात.