धुक्यात फोटो कसे काढावेत: अंतर, उजेड आणि ओली काच

जुलैत माथेरानच्या लाल वाटांवर धुकं उतरलं की जो तो मोबाइल बाहेर काढतो. डोळ्यांना जे दिसतं ते विलक्षण असतं, फोटोत मात्र राखाडी पडद्यापलीकडे काही उरत नाही. दोष बहुतेक वेळा कॅमेऱ्याच्या किमतीत नसतो. ज्याचा फोटो काढायचा ते फार लांब असतं आणि पांढरं धुकं कॅमेरा काळवंडून टाकतो, या दोन गोष्टी सांभाळल्या की साध्या फोनवरही उत्तम फोटो येतो.

आधी धुकं कोणतं ते बघा

पावसाळ्यात माथेरान, आंबोली, महाबळेश्वरला आपण ज्यात चालतो तो खरं तर डोंगराला टेकलेला ढग असतो. तो दिवसभर येतो-जातो, त्यामुळे पहाटे उठण्याची सक्ती नाही, पण दर काही मिनिटांनी दृश्य बदलतं. हिवाळ्याचं धुकं वेगळं. रात्री आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असेल, तर जमीन झपाट्याने थंड होते आणि नदीकाठी, धरणाच्या खोऱ्यात धुकं साचतं. ऊन चढलं की ते विरतं. म्हणून पाचगणीच्या पारसी पॉइंटवरून कृष्णेचं खोरं धुक्याने भरलेलं टिपायचं असेल, तर सूर्योदयाच्या आधी अर्धा तास जागेवर असायला हवं.

अंतर जुळवा

माझ्या मते धुक्यातल्या फोटोचं निम्मं काम इथेच होतं. तुमच्यात आणि समोरच्या वस्तूत जितकी जास्त हवा, तितके पाण्याचे जास्त थेंब आणि तितका जास्त पांढरा उजेड मध्ये येतो. त्यामुळे दहा पावलांवरचं झाड जवळजवळ काळं दिसतं, तीस पावलांवरचं करडं, आणि त्यामागचं जेमतेम जाणवतं. ही उतरती छटा फोटोत खोली आणते. म्हणून आधी जवळची एक गडद, स्पष्ट आकाराची गोष्ट शोधा: जांभळाचं ओलं खोड, घोडा घेऊन चाललेला माणूस, छत्री. मग डावी-उजवीकडे दोन-चार पावलं सरकून तिच्या मागे दुसरं आणि तिसरं झाड येईल असं उभं राहा. आकार एकमेकांत मिसळू देऊ नका. दोन खोडांमध्ये पांढरी फट दिसलीच पाहिजे.

माथेरानला मोटारींना बंदी असल्याने वाटेच्या मधोमध उभं राहून हा सराव निवांत करता येतो, फक्त घोड्यांना आणि ई-रिक्षांना वाट द्या. लाल माती ओली झाली की तिचा रंग धुक्यातही टिकतो, तेव्हा चौकटीच्या खालच्या भागात वाट जरूर घ्या. माणूस येत असेल तर थांबा. तो पुरेसा जवळ येऊन त्याची आकृती धुक्यातून सुटी झाली की बटण दाबा. एखाद्याचा चेहरा ओळखू येईल इतका जवळून फोटो काढायचा असेल, तर आधी त्याला विचारा.

धुक्यात उभे असाल तर साधी किंवा रुंद लेन्स पुरते. धुकं खाली आणि तुम्ही वर असाल, तर लांबचं जवळ आणणारी 100 ते 200 मिलिमीटरची लेन्स लावा, फोनवर 2 किंवा 3 पट झूम घ्या. डोंगरांच्या एकामागून एक रांगा तेव्हाच दाटून येतात.

उजेड वाढवा

कॅमेरा समोरचं दृश्य सरासरीने मध्यम करडं आहे असं धरून चालतो. धुकं त्याहून उजळ असतं, त्यामुळे फोटो मळकट येतो. कॅमेऱ्यावर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटोचा उजेड कमी-जास्त करण्याची सोय, +0.7 पासून सुरू करा, गरज पडली तर +1.3 पर्यंत न्या. फोनवर गडद खोडावर बोट दाबून धरा, फोकस आणि उजेड लॉक होईल. मग उजेडाची पट्टी वर-खाली सरकवून धुकं पांढरं पण तपशील राखून दिसेल असं ठेवा.

फ्लॅश बंद. त्याचा उजेड जवळच्या थेंबांवरून थेट परत येतो आणि फोटोभर पांढरे ठिपके पडतात.

सपाट पांढऱ्यावर ऑटोफोकस भरकटतो, तेव्हा खोडाची कड किंवा माणसाची बाह्यरेषा धरा. ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत सोडणारं छिद्र, एफ/5.6 ते एफ/8 ठेवा. त्याहून बारीक केलं तर सेन्सरवरची धूळ पांढऱ्या पार्श्वभूमीवर उठून दिसते. झाडांमधून ऊन येऊ लागलं तर सूर्य खोडाआड लपेल असं उभं राहा, किरणांच्या रेघा स्पष्ट दिसतील.

सूर्य पाठीशी आणि धुकं समोर खाली असेल, तर तुमच्या सावलीभोवती रंगीत गोल कडं दिसू शकतं. हेच इंद्रवज्र. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा पश्चिमेकडे तोंड करून असल्याने तिथे ते सकाळच्या उन्हात बघायचं असतं. कड्यापासून मात्र लांब राहा. धुक्यात जमीन कुठे संपते ते कळत नाही, आणि डोळे स्क्रीनवर असताना तर नाहीच. घाटातही वळणावर गाडी थांबवू नका, मागून येणाऱ्याला तुम्ही दिसत नसता.

काच आणि नंतरचं काम

एसी खोलीतून दमट हवेत आलेल्या थंड लेन्सवर लगेच बाष्प धरतं. कॅमेरा बंद बॅगेतच वीस-तीस मिनिटं बाहेरच्या हवेत राहू द्या. लेन्स हूड, म्हणजे लेन्सच्या तोंडावरचं आडोशाचं कडं, लावा, दोन-तीन मायक्रोफायबर कापडं वेगवेगळ्या खिशात ठेवा आणि दर काही फोटोंनंतर काच बघा, कारण बारीक थेंब छोट्या स्क्रीनवर दिसत नाहीत.

शक्य असेल तर फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये, काढा. घरी काळा रंग थोडा गडद करा, पण फोटो सुधारण्याच्या ॲपमधली डीहेझची (धूसरपणा कमी करणारी) पट्टी ओढू नका, तिने धुकंच पुसलं जातं. निळसर छटा आवडत असेल तर तशीच ठेवा. कॅमेरा मात्र ओल्या बॅगेत ठेवू नका. पुसून, सुकवून सिलिका जेलच्या पुड्यांसोबत हवाबंद डब्यात ठेवा, नाहीतर पावसाळ्यात लेन्सला आतून बुरशी लागते आणि ती काढणं खर्चाचं काम असतं.