बेजियन मॉडेल चाललं, पण बरोबर चाललं का? या चुका टाळा

इंदुरात सोयाबीन मंडीत उतरून गेलं की शेतकी आणि संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांकडे एक्सेलच्या शीट जमायला लागतात. कुठली तहसील, कुठलं वाण, हेक्टरी किती क्विंटल. पूर्वी त्यावर अनोव्हा (गटांच्या सरासऱ्यांची तुलना) लावून मोकळं होता यायचं. आता गाइड ‘बेजियन करा’ म्हणतात, म्हणजे आधीचा अंदाज आणि डेटा जोडून उत्तर काढा, आणि स्टॅन, पायथनमधलं पायएमसी, जॅग्स, आरमधून स्टॅन चालवणारं ब्रम्स ही सगळी पॅकेजं फुकट मिळतात, त्यामुळे नाही म्हणायला सबबही उरत नाही. मग फोन येतो, आणि बहुतेक वेळा प्रश्न ठरलेला असतो: “सर, रिझल्ट आलाय, फक्त वर लाल अक्षरं येतायत. चालेल ना?”

लाल अक्षरं आली हे नशीबच समजा. ज्या चुकीवर सॉफ्टवेअर ओरडतं ती एका दुपारीत सुटते. जिच्यावर ते चकार शब्द काढत नाही, ती प्रबंधात छापली जाते. तेव्हा ओरडणाऱ्या चुका आधी भराभर उरकून घेऊ.

इन्स्टॉलच होत नाही, जुना कोड चालत नाही

स्टॅन तुमचं मॉडेल सी प्लस प्लसमध्ये बदलतं आणि मग कंपाइल करतं, म्हणून कंपायलरला पर्याय नाही. विंडोजवर आर ही भाषा वापरत असाल तर तिच्या आवृत्तीला जुळणारंच आरटूल्स (कंपायलरचा संच) घ्या, आर ४.४ असेल तर आरटूल्स ४४. कमांडस्टॅन (स्टॅनचं कमांड लाइनवरून चालणारं रूप) ज्या फोल्डरमध्ये ठेवाल त्याच्या नावात मोकळी जागा नको. मॉडेल पहिल्यांदा चालवलं की बराच वेळ काहीच हलत नाही. ते अडकलेलं नसतं, कंपाइल होत असतं. खिडकी बंद करू नका.

पायएमसी मात्र पिपने (पायथनच्या नेहमीच्या इन्स्टॉलरने) टाकू नका. कोंडा-फोर्जवरून, वेगळ्या एन्व्हायर्नमेंटमध्ये टाका. नाहीतर ‘जी प्लस प्लस सापडलं नाही’ अशी सूचना येते आणि मॉडेल चालतं, पण रखडत रखडत.

जुन्या ट्युटोरियलमधला कोड जसाच्या तसा उचलला तर तो चालणार नाही, हे धरूनच चला. २०२२ मध्ये चौथी आवृत्ती आली तेव्हा पायएमसी३ या नावातला ३ गेला. ‘एसडी’च्या जागी ‘सिग्मा’ आलं, ‘टेस्टव्हॅल’च्या जागी ‘इनिटव्हॅल’. स्टॅनने २.३३ या आवृत्तीपासून ॲरे लिहायची जुनी पद्धत, बाणाने किंमत देणं आणि हॅशने टिप्पणी लिहिणं हे तिन्ही बंद केलं. जुन्या पुस्तकांतलं अर्धं स्टॅन याच कारणाने अडतं.

वितरणातला दुसरा आकडा

आता गुपचूप चुका. यातली सर्वांत महागडी पॅकेज बदलताना होते.

केंब्रिजला १९८९ मध्ये सुरू झालेल्या बग्ज प्रकल्पाची लिहिण्याची रीत जॅग्सने पुढे चालवली. त्या रीतीत नॉर्मल वितरणाचा दुसरा आकडा म्हणजे प्रिसिजन, म्हणजे व्हेरियन्सचा व्यस्त. स्टॅनमध्ये त्याच जागी स्टँडर्ड डिव्हिएशन, म्हणजे व्हेरियन्सचं वर्गमूळ, बसतं. दोन्हीकडे ओळ दिसायला सारखीच.

जॅग्समधलं डीनॉर्म(०, ०.००१) म्हणजे व्हेरियन्स १०००, स्टँडर्ड डिव्हिएशन साधारण ३१.६. एकदम सैल प्रायर, म्हणजे डेटा बघण्याआधीचा अंदाज. हेच दोन आकडे स्टॅनच्या नॉर्मलमध्ये टाकले की स्टँडर्ड डिव्हिएशन ०.००१ होतं आणि तुमच्या खताचा परिणाम शून्यावर खिळे ठोकून बसवला जातो. मॉडेल सुरळीत चालतं, चेन (एकाच मॉडेलच्या स्वतंत्र फेऱ्या) छान मिसळतात, वॉर्निंग एकही नाही. निष्कर्षात मात्र छापून येतं की खताचा काही उपयोग नाही. उलट दिशेने गेलात, म्हणजे स्टॅनचं नॉर्मल(०, १०) जॅग्समध्ये नेलंत, तर स्टँडर्ड डिव्हिएशन ०.३२ उरतं. पायएमसीच्या दुसऱ्या आवृत्तीतही प्रिसिजनच होतं. आताच्या आवृत्त्यांत सिग्मा आहे.

यावर उपाय एकच: कोड उचलण्याआधी त्या पॅकेजच्या माहितीपत्रकात दुसरा आकडा काय आहे ते वाचा. पायएमसीत तर ‘सिग्मा =’ असं नाव लिहूनच आकडा द्या.

तहसिली चार, मॉडेलमध्ये सहा

हा आपल्याकडचा खास प्रकार. समजा डेटा इंदूर, देपालपूर, महू आणि सांवेर या चार तहसिलींचा आहे. सरकारी शीट हिंदीत असते, तिथे ‘देपालपुर’. तुम्ही स्वतः भरलेल्या ओळींत मराठी सवयीने ‘देपालपूर’. महू कुठे महू, तर कुठे डॉ. आंबेडकर नगर. उकाराच्या ऱ्हस्व-दीर्घावरून शाळेत मार्क कापले जायचे तेव्हा राग यायचा, पण कॉम्प्युटर त्याहून कडक आहे. त्याच्या लेखी ही दोन वेगळी गावं. चारांच्या सहा तहसिली होतात, आणि मॉडेल प्रत्येकीचा वेगळा अंदाज काढून देतं.

याहून वाईट प्रकार पायथनमध्ये होतो. काही ओळींत तहसिलीचं नाव रिकामं राहिलेलं असतं. पांडास हे डेटा हाताळायचं पॅकेज त्या रिकाम्या जागेला -१ हा कोड देतं. पायएमसीत -१ क्रमांकाचा गट म्हणजे शेवटचा गट. नावं देवनागरीत असतील आणि कोड वर्णक्रमाने पडले असतील, तर शेवटचा गट सांवेर. म्हणजे ज्या शेतांचा पत्ताच नाही ती सगळी शेतं मुकाट्याने सांवेरच्या नावावर चढतात. ब्रम्स अशा ओळी गाळतं आणि गाळल्या म्हणून सांगतं. स्टॅनला थेट क्रमांक दिलेत तर ते मोजणी १ पासून करतं, त्यामुळे शून्य किंवा उणे क्रमांकावर सरळ अडतं. इथे स्टॅनचा खडूसपणा मला आवडतो. मॉडेलआधी प्रत्येक गटात किती ओळी आहेत ते छापून बघा, आणि सर्वांत लहान कोड तपासा.

डायव्हर्जंट ट्रान्झिशन्स

त्या लाल अक्षरांत बहुधा हेच लिहिलेलं असतं. नट्स नावाची जी सॅम्पलर पद्धत स्टॅन आणि पायएमसी वापरतात, ती पावलं टाकत पोस्टिरियरमधून, म्हणजे प्रायर आणि डेटा मिळून बनलेल्या वितरणातून, फिरते. पावलाचा आकार वॉर्मअपमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या सरावाच्या टप्प्यात, ठरतो. तहसिली चारच असल्या की तहसिलीतहसिलीतला फरक किती, हे डेटाला नीट सांगता येत नाही. तो फरक शून्याजवळ असू शकतो, आणि तसा असेल तर सगळ्या तहसिलींचे परिणाम अगदी चिंचोळ्या जागेत सापडतात. तिथे नेहमीचं पाऊल मोठं पडतं, सॅम्पलर बाहेर फेकला जातो (हेच डायव्हर्जंट ट्रान्झिशन) आणि तो कोपरा नीट तपासलाच जात नाही. म्हणून ‘चार हजार सॅम्पलांत पंधराच तर आहेत’ हा युक्तिवाद चालत नाही. ते पंधरा एकाच कोपऱ्यात आहेत का, ते बघायला हवं.

पहिला उपाय पावलं लहान करणं, म्हणजे ॲडॅप्ट डेल्टा ही सेटिंग ०.८ वरून ०.९५, मग ०.९९ करणं. पायएमसीत याचंच नाव टार्गेट ॲक्सेप्ट. एवढ्याने मिटलं तर ठीक. नाही मिटलं तर ०.९९९९ करत बसू नका, मॉडेल वेगळ्या तऱ्हेने लिहा: तहसिलीचा परिणाम थेट न मागता झेड हा प्रमाणित नॉर्मल घ्या आणि त्याला फरकाच्या आकड्याने गुणा. याला नॉन-सेंटर्ड म्हणतात. पण प्रत्येक तहसिलीत ढिगाने शेतं असतील तर जुनी, सेंटर्ड पद्धतच बरी चालते. ब्रम्स पडद्यामागे नॉन-सेंटर्डच लिहितं, त्यामुळे तिथे तो सल्ला फुकट जातो. तिथे फरकाच्या स्टँडर्ड डिव्हिएशनवरचा प्रायर आवळा. चार गटांत प्रायरचं वजन पडणारच, ते लपवू नका, प्रबंधात लिहा.

मॅक्स ट्रीडेप्थची वॉर्निंग वेगळी. ती वेळ वाया जातोय एवढंच सांगते.

आर-हॅट (चेन एकमेकींशी किती जुळतात याचा आकडा) १.१ च्या आत हवा हे जुन्या पुस्तकातलं आहे; आता १.०१ धरतात. चार चेनचा मिळून इफेक्टिव्ह सॅम्पल साइज (स्वतंत्र म्हणावेत असे सॅम्पल किती) ४०० च्या वर हवा. लॅपटॉप तापतो म्हणून एकच चेन चालवणाऱ्यांनी हे दोन्ही आकडे छापूच नयेत.

‘सैल’ प्रायर

सोयाबीनवर पिवळा मोझॅक हा रोग लागला की नाही, अशा हो-नाहीच्या डेटावर लॉजिस्टिक मॉडेल लावताना इंटरसेप्टला नॉर्मल(०, १०) देण्याची पद्धत पडली आहे. काहीच गृहीत धरलं नाही असं वाटतं. प्रत्यक्षात लॉजिटवरून (मॉडेलच्या आतल्या मोजपट्टीवरून) शक्यतेत उतरलं की या प्रायरचा सुमारे ६५ टक्के भाग १ टक्क्याच्या खाली किंवा ९९ टक्क्यांच्या वर जातो. म्हणजे तुम्ही म्हणताय की शेतात रोग एकतर जवळजवळ नाहीच, नाहीतर सगळीकडे आहे. कुठला शेतकरी हे मान्य करील? नॉर्मल(०, १.५) घेतलं तर शक्यता बऱ्यापैकी सारख्या पसरतात. ब्रम्समध्ये ‘सॅम्पल प्रायर’ला ‘ओन्ली’ देऊन डेटाशिवाय नुसता प्रायर चालवून बघता येतो. हे काम दहा मिनिटांचं असतं आणि कोणी करत नाही.

सेव्ह केलेला फिट

ब्रम्समध्ये ‘फाइल’ हा पर्याय दिला की मॉडेल डिस्कवर साठतं आणि पुढच्या वेळी लगेच उघडतं. सोय चांगली आहे. पण तुम्ही देपालपूरची दोन नावं एक केलीत, रिकाम्या ओळी काढल्यात, प्रायर बदललात आणि परत चालवलंत, तरी त्या नावाची फाइल असेल तर ब्रम्स जुनाच फिट उघडून देतं, कारण ‘फाइल रिफिट’ मुळात ‘नेव्हर’ असतं. ते ‘ऑन चेंज’ करा. आकडे दशांशापर्यंत तेच आले, तर आधी त्या फाइलची तारीख बघा.