कथा सांगण्याची हातोटी कशी वाढवावी

नारदीय कीर्तनाच्या उत्तररंगात, म्हणजे कथा सांगण्याच्या उत्तरार्धात, हरिश्चंद्राचे आख्यान लागते, तेव्हा शेवट काय होणार हे मंडपातल्या बहुतेकांना ठाऊक असते, तरीही कोणी उठून जात नाही. श्रोत्यांना धरून ठेवते ती प्रसंगांचा क्रम लावण्याची आणि नेमके कुठे थांबायचे हे जाणण्याची हातोटी, आणि ती लेखकालाही सरावाने साधता येते.

लिहायला बसण्यापूर्वी कोणाला काय हवे आहे आणि त्याच्या आड काय येते, हे एका वाक्यात मांडून पाहावे. ‘दोन भावांचे वैर’ हा नुसता विषय झाला. ‘थोरल्याला वडिलोपार्जित जमीन विकायची आहे, पण सातबाऱ्यावर नाव असलेला धाकटा सही करत नाही’ म्हटले की कथा सुरू होते.

मग सुरुवातीची जागा ठरवावी. घराण्याच्या इतिहासापासून निघाल्यास तंट्यापर्यंत पोचेस्तोवर वाचक कंटाळतो. त्यापेक्षा मोजणीचे लोक बांधावर येऊन उभे राहिले आहेत, त्या सकाळी कथा उघडावी; वडील कधी वारले, हे पुढे धाकट्याच्या बोलण्यात ओघाने आले तरी पुरते.

सर्वांत जास्त मेहनत तपशिलावर घ्यावी, कारण माझ्या मते बहुतेक कथा इथेच पडतात. ‘आजी फार काटकसरी होती’ या वाक्याने वाचकाच्या हाती फक्त लेखकाचे मत पडते. ‘दूध पातेल्यात ओतल्यावर आजी पिशवीत घोटभर पाणी घालून ती विसळायची आणि ते पाणी चहाच्या आधणात टाकायची’ असे लिहिले, तर आजी स्वयंपाकघरात उभी असलेली दिसते. पहिल्या खर्ड्यातली प्रेमळ, रागीट, हट्टी अशी विशेषणे अधोरेखित करावीत आणि मुख्य पात्रांपुरती तरी त्यांच्या जागी एकेक कृती शोधावी. दुय्यम पात्रांना मात्र विशेषण पुरेसे असते. प्रत्येकाची पिशवी विसळत बसल्यास कथा पुढे सरकत नाही.

धाकटा सही का करत नाही, हे वाचकाला केव्हा कळावे याचाही निर्णय आधीच घ्यावा. कीर्तनकार ऐन प्रसंगी थांबून पद म्हणतो, तसे लेखकाला परिच्छेद तोडून किंवा मध्येच दुसरा प्रसंग आणून थांबता येते. मात्र कारण उलगडेल तेव्हा वाचकाला फसवल्यासारखे वाटू नये, म्हणून त्याची एखादी खूण आधीच्या पानांत सहज दिसेल अशी पेरून ठेवावी.

खर्डा पूर्ण झाल्यावर संवाद मोठ्याने म्हणून पाहावेत. दोन्ही भाऊ एकाच सुरात बोलत असतील तर ते तत्काळ कानाला खटकते. शेवटी संपूर्ण कथा कोणाला तरी वाचून दाखवावी आणि अभिप्राय विचारण्याऐवजी ऐकणाऱ्याचे लक्ष कुठे उडते, तिथे समासात खूण करत जावे. पुढच्या खर्ड्यात आधी त्याच जागा कापाव्यात.