पदवीनंतरची भेटवस्तू निवडताना

पदवी मिळाल्यावर नातेवाइकांकडून घड्याळे, पेनाचे संच आणि शाली येतातच. त्यामुळे भेट ठरवण्यापूर्वी पुढचे वर्ष तो मुलगा किंवा मुलगी कुठे आणि कसे घालवणार आहे, हे त्यांच्या आई-वडिलांना नव्हे, तर त्यांनाच विचारावे.

जळगाव, धुळे किंवा नंदुरबारहून स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी पुण्याला जाणाऱ्यांची खोली बहुधा दोघा-तिघांत वाटलेली असते. तिथे शोभेची वस्तू अडगळ ठरते. त्याऐवजी अभ्यासिकेचे काही महिन्यांचे शुल्क किंवा खाणावळीचा एका महिन्याचा खर्च द्यावा. विजेची किटली घ्यायची असल्यास वसतिगृहात तिला परवानगी आहे का, हे आधी पाहावे. सोबत घरचा काळा मसाला दिलात, तर तो सर्वांत आधी संपेल.

नाशिक किंवा सुरतेला नोकरीवर रुजू होणाऱ्याला पहिला पगार हाती येईपर्यंत घराची अनामत आणि प्रवास यांसाठी रोख रक्कमच अधिक उपयोगी पडते.

जो रावेर-यावलकडे घरच्या केळीच्या बागेत परतणार आहे, त्याला मात्र आपण सहसा विसरतो, जणू त्याची पदवी वाया गेली. शेतीपंपाची वीज पुष्कळदा रात्री येते, म्हणून डोक्याला बांधायची उत्तम बॅटरी किंवा माती परीक्षणाचा खर्च त्याला द्यावा.

मुलीला संसाराची भांडी देण्याची घाई करू नये. तिच्या स्वतःच्या नावावर मुदत ठेव करावी.