शेअर्ड कुबरनेटिसवर ॲडमिन नसताना रे क्लस्टर टाकताय? या चुका टाळा

इंदूरच्या आमच्या टीमला मोठ्या शेअर्ड कुबरनेटिस क्लस्टरवर (कंटेनर चालवणाऱ्या मशीनच्या समूहावर) एक नेमस्पेस, म्हणजे आपल्यापुरता कप्पा, मिळाली होती, ॲडमिन राइट्स शून्य, आणि त्यात मला रे (पायथनचं काम अनेक मशीनवर वाटून चालवणारं फ्रेमवर्क) उभं करायचं होतं. रात्री घरी लॅपटॉपवर मिनीक्यूबमध्ये (एका मशीनवरचं छोटं कुबरनेटिस) हेल्म इन्स्टॉल (हेल्म म्हणजे कुबरनेटिसचं पॅकेज टूल) मारलं, झटक्यात चाललं, म्हटलं सकाळी पोहे-जिलेबी खाऊन तीच कमांड ऑफिसात मारू. मारली, आणि सरळ फॉरबिडन.

मिनीक्यूबवर चाललं म्हणून निर्धास्त राहायचं नाही, तिथे ॲडमिन आपणच असतो. क्यूबरे ऑपरेटरला (कुबरनेटिसवर रे सांभाळणारा प्रोग्राम) सीआरडी, म्हणजे नव्या प्रकारच्या रिसोर्सच्या व्याख्या, लागतात, आणि सीआरडी एका नेमस्पेसची नसते, अख्ख्या क्लस्टरची असते. म्हणून आधी 'क्यूबसीटीएल ऑथ कॅन-आय क्रिएट कस्टमरिसोर्सडेफिनिशन्स' विचारून घ्या. मग 'हेल्म टेम्प्लेट' चालवून (ते इन्स्टॉल न करता नुसतं काय बनणार ते छापतं) काइंडच्या ओळी वाचा, क्लस्टररोल किंवा क्लस्टररोलबाइंडिंग (अख्ख्या क्लस्टरवरच्या परवानग्या) दिसलं की गाडी तिथेच अडणार. आणि कुठून तरी कॉपी केलेला 'क्रिएट-नेमस्पेस' फ्लॅग काढा, नेमस्पेस आधीपासून असली तरी तो परवानगीवरून भांडतो.

मी काय केलं, तर ॲडमिनकडे जाऊन थेट क्लस्टर-ॲडमिनच मागितलं. तो म्हणाला, "भिया, क्लस्टर तुझ्या एकट्याचा आहे का?" बरोबरच होतं त्याचं. मागायचं ते नेमकं मागा: सीआरडी त्यानं एकदा टाकून द्याव्या, मग आपण हेल्मला 'स्किप-सीआरडीज' फ्लॅग लावून आणि सिंगलनेमस्पेसइन्स्टॉल ट्रू करून ऑपरेटर आपल्याच नेमस्पेसपुरता टाकायचा. यातही एक गोम आहे, ऑपरेटरसाठी रोल (परवानग्यांची यादी) बनवायचा तर त्या रोलमधल्या सगळ्या परवानग्या आधी आपल्याकडे असाव्या लागतात, नाहीतर कुबरनेटिस सरळ नकार देतं. त्यामुळे रोल आणि रोलबाइंडिंगही (तो रोल कुणाला द्यायचा ते) त्याच्याच हातून करून घेतलेलं बरं.

सीआरडीला पण नाही म्हणाला तर ऑपरेटरचा नाद सोडा. साधा हेडचा (रेचा मुख्य नोड) डिप्लॉयमेंट, त्याला पत्ता देणारी एक सर्व्हिस, वर्करचा (प्रत्यक्ष काम करणारे नोड) डिप्लॉयमेंट, वर्कर सर्व्हिसच्या ६३७९ पोर्टला जोडायचे, झालं. ऑटोस्केलिंग मिळत नाही, वर्कर हातानं वाढवायचे, पण काम होतं. यात मी खाल्लेली माती: 'रे स्टार्ट'ला 'ब्लॉक' फ्लॅग लावलाच नाही, मग रे बॅकग्राउंडला जातं, कंटेनर आपलं काम संपलं समजून बंद होतो, आणि आपण क्रॅशलूपबॅकऑफकडे (कंटेनर पुन्हा पुन्हा बंद पडतोय हे स्टेटस) बघत बसतो, लॉगमध्ये एक एरर नाही!

दुसऱ्या दिवशी वेगळंच, डिप्लॉयमेंट ०/१ आणि पॉडच (ज्यात कंटेनर चालतो ते युनिट) नाही. पॉडच नाही तर लॉग कुठले बघणार, तासभर हेल्मला शिव्या दिल्या. शेवटी रेप्लिकासेट (डिप्लॉयमेंटसाठी पॉड बनवतो तो) डिस्क्राइब केल्यावर इव्हेंटमध्ये दिसलं की नेमस्पेसवर कोटा आहे आणि मी रिक्वेस्ट-लिमिट (सीपीयू-मेमरी किती हवी आणि जास्तीत जास्त किती) लिहिलेच नाहीत. असा कोटा असला की ते न लिहिलेला पॉड जन्मालाच येत नाही. नेमस्पेसवर पॉड सिक्युरिटी रिस्ट्रिक्टेड (सगळ्यात कडक सुरक्षा पातळी) असेल तरी हेच चित्र दिसतं, तिथे रनॲजनॉनरूट, सेककॉम्प रनटाइमडिफॉल्ट, एस्केलेशन फॉल्स आणि कॅपेबिलिटीज ड्रॉप ऑल असं चारही लिहावं लागतं, तीन लिहून चालत नाही.

आता चाललंय पण स्लो आहे? '/डेव्ह/एसएचएम' (शेअर्ड मेमरीची जागा) बघा. कंटेनरमध्ये ते सहसा ६४ एमबीच असतं, मग रे ऑब्जेक्ट स्टोअर (डेटा ठेवायची जागा) डिस्कवरच्या '/टेम्प'मध्ये हलवतं आणि रांगायला लागतं. मेमरी मीडियमचा एम्प्टीडिर (पॉडपुरती तात्पुरती जागा) '/डेव्ह/एसएचएम'वर माउंट करा, पण ती जागा पॉडच्या मेमरी लिमिटमधूनच जाते, तेव्हा लिमिट तेवढं वाढवून मागा. हे मला पहिला ओओएमकिल्ड (मेमरी संपून कंटेनर मारला जाणं) पडल्यावर कळलं.