जुनं बेसबॉल कार्ड नीट कसं बघायचं

१९५५ चं, टॉप्स या अमेरिकन कार्ड कंपनीचं, बेसबॉलपटू रोबेर्तो क्लेमेंतेचं कार्ड घ्या, नंबर १६४, आडवं कार्ड, डावीकडे त्याचा मोठा चेहरा आणि बाजूला छोटा खेळतानाचा फोटो. आधी हात स्वच्छ धुवून कोरडे करा आणि कार्ड फक्त कडांना धरा. मग टेबललॅम्प एका बाजूने तिरका पाडा, समोरून बघताना न दिसणारी बारीक घडी त्या उजेडात लगेच दिसते. मोजून पण बघा, साधारण ६७ बाय ९५ मिमी पाहिजे, कमी भरलं तर कडा कापून नवीन केल्या असतील.

आता दहापट मोठं दाखवणारं भिंग. चेहऱ्यात रंगाचे ठिपके ठिपके दिसणारच, छपाईच तशी होती, पण काळी अक्षरं सलग भरीव हवीत, अक्षरांतही ठिपके असतील तर बहुतेक स्कॅन करून छापलेली कॉपी आहे.

मग थांबून नाव वाचा! इथे रोबेर्तो आहे, पण १९५७ पासून बरीच वर्षं टॉप्सने त्याला 'बॉब' केलं, जे त्याला अजिबात आवडायचं नाही, आणि मला अजून त्याचा राग येतो. पोर्तो रिकोचा हा पोरगा पिट्सबर्ग पायरेट्स या संघासाठी १८ सीझन खेळला, बरोब्बर ३००० हिट्स (चेंडू मारून बेस गाठणं म्हणजे हिट), आणि ३१ डिसेंबर १९७२ ला निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांना मदत घेऊन जाताना विमान समुद्रात पडून गेला, वय फक्त ३८. कार्डावर तो विशीतला आहे, मेजर लीगची, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल लीगची, एकही मॅच न खेळलेला.